भाकरीची परीक्षा : कृत्रिम दातांचा इतिहास

खानदेशी घरातील जेवणाच्या पानाकडे पाहिले असता त्याचे दोन भाग सहज पडतात. भरताच्या वांग्याचे भरीत, तापीकाठची केळी, दूधभात, पातळ वरण हा एक भाग होय. हे पदार्थ जीभ आणि टाळू यांच्या बळावर पोटात जाऊ शकतात. दुसरा भाग कळण्याच्या भाकरीचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा, हरभऱ्यांचा आणि हुरड्याचा. तेथे दाढांवाचून गत्यंतर नाही. घरातील वडील माणसाच्या तोंडाचे बोळके झाले म्हणजे त्याच्या पानातून हा दुसरा भाग हळूहळू उठतो. प्रथम दाणे कुटून येऊ लागतात, मग भाकरी दुधात कुस्करली जाते आणि शेवटी पंक्तीतील इतरांचे जेवण आटोपले तरी त्याचा घास तोंडात घोळतच राहतो. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण गमतीने उच्चारली जाते. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला आहे त्याला तीत गंमत वाटत नाही.

गेलेल्या दातांच्या जागी दुसरे बसविण्याची मनुष्याची खटपट फार जुनी आहे. सोने, हस्तिदंत, लाकूड, चिनी माती, रबर, प्लॅस्टिक आणि टिटेनियम असे नाना पदार्थ त्याने या कामी लावून पाहिले. यांपैकी प्रत्येकाची दोन प्रश्नांवर परीक्षा झाली. या दाताने भाकरी चावता येईल काय, हा पहिला. आणि ज्याला ती चावावयाची आहे त्याच्या ऐपतीत तो बसेल काय, हा दुसरा. कृत्रिम दातांचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरला आहे. एका प्रश्नाचे उत्तर सापडावे आणि दुसरे निसटावे, असेच त्यात पुनःपुन्हा घडत आले.

आपल्या देशातील प्राचीन वैद्यांनी आहे तो दात राखण्याकडे विशेष लक्ष दिले होते. सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी १५ हिरड्यांचे आणि ८ प्रत्यक्ष दातांचे आहेत. किडलेल्या दाताला त्या ग्रंथात कृमिदंतक म्हटले असून दातांवर साचणाऱ्या कठीण थराला दंतशर्करा असे नाव दिले आहे. तो थर खरवडण्यासाठी दंतशंकु नावाचे शस्त्रही सांगितले आहे. रोज सकाळी वापरावयाची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीइतकी जाड असावी, असा तेथील नियम आहे. कडुनिंबाची आणि बाभळीची काडी खेड्यापाड्यांतून अगदी अलीकडेपर्यंत याच परंपरेने चालत आली. मात्र तिच्या शेजारीच दुसरी एक सवय घराघरांत शिरली. तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची ही सवय महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रीवर्गात, फार पसरली. तिने हिरड्यांचे रोग वाढतात आणि मुखाच्या कर्करोगाचाही धोका संभवतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. दात स्वच्छ करण्याच्या हेतूने उचललेल्या वस्तूनेच दातांचे मूळ सैल व्हावे, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

कृत्रिम दाताचा पहिला कारागीर बहुधा सोनार असावा. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या, ख्रिस्तापूर्वी सुमारे सातव्या शतकापासूनच्या थडग्यांत सोन्याच्या पट्ट्यांनी जखडलेले दात सापडले आहेत. शेजारच्या शाबूत दातांभोवती पातळ सोनेरी पट्टी गुंडाळून तिच्या आधाराने मधला खोटा दात अडकविलेला असे. सोन्याची ही निवड जळगावसारख्या, सराफ बाजारासाठी नावाजलेल्या गावातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. सोने लाळेने विटत नाही, गंजत नाही, ठोकले तर कागदाहून पातळ होते आणि हाताने दाबले तरी दाताच्या अंगासरशी बसते. म्हणूनच पुढे कित्येक शतके किडलेल्या दाताचे भोक सोन्याच्या वर्खाने ठासून भरण्यात येत असे. सोनाराच्या ओतकामाची जी पुरातन रीत आहे, म्हणजे आधी मेणाचा नमुना घडवावयाचा, त्याभोवती साचा करावयाचा, मग मेण जाळून टाकून रिकाम्या जागेत रसरशीत धातू ओतावयाचा, तीच रीत अमेरिकेतील दंतवैद्य विल्यम टॅगर्ट याने १९०७ साली दातांच्या कामासाठी पुढे मांडली. तेव्हापासून दाताची टोपी आणि भरण दाताच्या आकाराबरहुकूम ओतता येऊ लागले.

पण सोनाराची ही कला श्रीमंतांच्या उंबरठ्यापाशीच थांबली. शिवाय एट्रुस्कन पट्टीतील दात हा बव्हंशी शोभेचा दात होता. हसताना दिसणारी फट तो झाकीत असे. दाढेचे काम त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते.

युरोपातील पुढच्या कारागिरांनी हस्तिदंत आणि पाणघोड्याचा दात कोरून सबंध कवळ्या केल्या. त्यांची दैना जाणून घ्यावयाची असेल तर अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे उदाहरण पुरे आहे. १७८९ साली त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या मुखात स्वतःचा असा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही केवळ दंतकथा होय. पाणघोड्याचा दात, मनुष्याचे दात, शिसे आणि पोलादी स्प्रिंग यांची ती जोडणी होती. वरची कवळी आणि खालची कवळी यांना एकमेकींपासून दूर ढकलणाऱ्या त्या स्प्रिंगांमुळे तोंड मिटून धरण्यासच जबड्याला सतत जोर करावा लागे. हस्तिदंत लाळेत कुजतो, त्याला दुर्गंधी येते, आणि तो हिरडीवर नेमका बसत नाही. राष्ट्राच्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही जे सुखाने चावता आले नाही ते इतरांना कोठून चावता येणार? १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून ते कवळ्यांसाठी विकले गेले आणि अशा दातांना पुढे ‘वॉटर्लूचे दात’ हेच नाव पडले. इतकी त्या काळी चांगल्या दातांची टंचाई होती.

या किळसवाण्या व्यापारातून सुटका केली ती चिनी मातीने. १७७४ च्या सुमारास फ्रान्समधील दुशातो नावाच्या औषधविक्रेत्याने आपल्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळून चिनी मातीची कवळी करविली. पुढे द शेमां या दंतवैद्याने ती सुधारली. इटलीचा फोंझी याने १८०८ साली प्लॅटिनमची टाचणी बसविलेले चिनी मातीचे सुटे दात पुढे आणले. दात न कुजणारा झाला, स्वच्छ झाला आणि कारखान्यात होऊ लागला. एक अडचण मात्र तशीच राहिली. दात उत्तम मिळाला तरी त्याला धरून ठेवणारी बैठक कशाची करावयाची?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर पूर्वेकडे आधीच सापडलेले होते. जपानात सोळाव्या शतकापासून लाकडी कवळ्या करीत असत. १५३८ साली निवर्तलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची अखंड लाकडी कवळी तेथे जतन केलेली आहे. हे कारागीर तोंडाचा मेणाचा ठसा घेऊन त्याच्याशी लाकूड इतके बारकाईने जुळवीत की स्प्रिंगेवाचून ती टाळूला धरून राही. यातील मर्म साधे आहे. ओल्या काचेच्या दोन तावदानांना एकमेकांवर दाबले म्हणजे ती सहजी सुटत नाहीत. मधला पाण्याचा पातळ पडदा त्यांना जखडून ठेवतो. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळ हेच काम करते. मात्र त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग अंगाला अंग लागावे असे जुळावे लागतात. युरोपात प्रशियाच्या राजाचा दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ साली मेणाचा ठसा आणि त्यावरून प्लॅस्टरचा नमुना करण्याची रीत ग्रंथित केली. तोंडाची हुबेहूब प्रतिकृती टेबलावर आली, तेव्हा कवळीचा कारागीर रोग्याला खुर्चीत अडकवून न ठेवता निवांतपणे काम करू लागला. उणीव राहिली ती एवढीच की, त्या प्रतिकृतीवर कोणताही आकार घेईल असा स्वस्त आणि टणक पदार्थ हवा होता.

तो पदार्थ म्हणजे रबर. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर तापविलेले रबर उन्हाळ्यात चिकटत नाही व थंडीत तडकत नाही असे आढळून आले. गंधकाचे प्रमाण वाढविले तर तेच रबर लाकडासारखे कठीण होते, हेही लवकरच कळले. कच्चे रबर प्लॅस्टरच्या साच्यात दाबावयाचे, बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली शिजवावयाचे आणि थंड झाल्यावर घासून काढावयाचे, एवढ्यात कवळीची बैठक तयार होई. तिला हिरडीचा रंग यावा म्हणून त्यात हिंगूळ मिसळीत. नेमक्या याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. १८४६ साली बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथरचा प्रयोग जाहीररीत्या करून दाखविला. मॉर्टन हा स्वतः कवळ्या करणारा दंतवैद्य होता. कवळी नीट बसावयाची तर जुनी मुळे आधी उपटावी लागत, आणि त्या वेदनांच्या भयाने गिऱ्हाईक पळून जाई. कवळीच्या धंद्यातील या अडचणीतून शस्त्रक्रियेच्या इतिहासातील केवढे मोठे वरदान निघाले! दात वेदनेवाचून निघू लागले आणि कवळी स्वस्त झाली. तेव्हा कारकून, शिक्षक, दुकानदार अशा सामान्य माणसाच्या मुखात कवळी प्रथमच पोहोचली.

स्वस्ताईच्या आड पेटंट आले. रबराच्या कवळीचे पेटंट १८६४ साली अमेरिकेत जॉन कमिंग्ज याला मिळाले. ते एका कंपनीच्या हाती गेल्यावर कंपनीने प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे मागण्यास आरंभ केला. जे देईनात त्यांच्यावर खटले भरले. कंपनीचा अधिकारी जोसाया बेकन हा गावोगाव हिंडून दंतवैद्यांना न्यायालयात खेची. अखेरीस १८७९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याच्यावर गोळी झाडून त्याचा प्राण घेतला. १८८१ साली पेटंटाची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना मोकळी झाली. गरिबाच्या घासावर मक्तेदारीची पकड बसली म्हणजे गोष्ट कोणत्या थराला जाऊ शकते, याचे हे उदाहरण विसरण्यासारखे नाही.

दात गेल्यावर काय करावे, याबरोबरच दात जाऊच नये म्हणून काय करावे, याही प्रश्नाचा इतिहास तितकाच झगड्याचा आहे. चांदी पाऱ्यात कालवून केलेला लगदा दाताच्या भोकात ठासला म्हणजे थोड्या वेळात दगडासारखा होतो. चीनमध्ये ६५९ सालच्या औषधिग्रंथात याचा उल्लेख येतो. अमेरिकेत १८३३ साली क्रॉकोर बंधूंनी हे भरण मोठ्या गाजावाजाने आणले. सोन्याचे काम करणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांनी त्यावर बहिष्कार घातला. आपण पारा वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांच्या संघटनेने सभासदांकडून लिहून घेतली. त्या वादाने संघटनाच १८५६ साली मोडली, भरण मात्र टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. व्ही. ब्लॅक याने चांदी, कथील व तांबे यांचे योग्य प्रमाण ठरवून दिल्यावर ते आकुंचन न पावता दीर्घकाळ राहू लागले. आपल्याकडे ‘दाढेत चांदी भरणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. पुढे १९५५ साली बुओनोकोर याने दाताचा पृष्ठभाग सौम्य आम्लाने खरबरीत केल्यास राळ त्याला घट्ट चिकटते असे दाखविले. १९६० नंतरच्या दशकात बोवेनची राळ आणि विल्सन व केंट यांचे काचेच्या भुकटीचे सिमेंट आले. ही भरणे दाताच्या रंगाची असून दाताचा शाबूत भाग कमी कोरावा लागतो. पाऱ्यासंबंधीच्या २०१३ सालच्या मिनामाता करारानंतर पाऱ्याच्या भरणाचा वापर उतरणीस लागला असून युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून ते सामान्यतः बंद केले आहे.

कवळीच्या इतिहासातील पुढची क्रांती दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर झाली. १९३६–३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक हा पारदर्शक प्लॅस्टिकचा प्रकार कवळीच्या कामी आला. त्याची भुकटी आणि त्याचा द्रव एकत्र कालवला म्हणजे कणकेसारखा गोळा होतो. तो प्लॅस्टरच्या साच्यात दाबून उकळत्या पाण्यात ठेवला की कठीण होतो. त्याला हिरडीचा गुलाबी रंग इतका साधतो की रबराचा काळपट तांबडा रंग एका दशकात मागे पडला. मौज अशी की, हाच पदार्थ लढाऊ विमानांच्या काचांसाठीही वापरला जात होता. त्या काचांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा बिघडत नाही, हे हॅरोल्ड रिडले या नेत्रवैद्याने पाहिले आणि १९४९ साली त्याच पदार्थाचे भिंग त्याने मनुष्याच्या डोळ्यात बसविले. मोतीबिंदू काढून घेतलेल्या आणि कवळी वापरणाऱ्या कित्येक वृद्धांच्या डोळ्यांत व मुखात एकच वस्तू पुढे नांदू लागली. ठसा घेण्याच्या पदार्थालाही युद्धानेच वळण दिले. तोपर्यंत त्यासाठी जपानी समुद्रशेवाळापासून काढलेले अगर वापरीत. युद्धामुळे तो पुरवठा तुटला, तेव्हा दुसऱ्या जातीच्या शेवाळापासून अल्जिनेट काढण्यात आले. पाण्यात कालविताच गोठणारी ही भुकटी अद्यापिही दंतवैद्याच्या टेबलावर असते.

जळगाव शहराचा या ठिकाणी पुन्हा आठव होतो. सराफीसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या नळ्या आणि चटया यांच्या कारखान्यांसाठीही गाजले. तेथील नळ्यांचे प्लॅस्टिक कवळीच्या प्लॅस्टिकहून निराळ्या जातीचे आहे, हे खरे. तथापि सोन्याची पेढी आणि प्लॅस्टिकचा कारखाना एकाच गावात पाहणाऱ्याला कृत्रिम दाताच्या इतिहासाची दोन टोके एकत्र दिसतात. सोने शतकानुशतके मूठभर लोकांच्या मुखात राहिले. प्लॅस्टिक शेताच्या बांधापर्यंत गेले, आणि कवळीच्या रूपाने ते शेतकऱ्याच्या मुखापर्यंतही जाऊ शकले.

परंतु पदार्थ स्वस्त होऊन भागत नाही. तो बसविणारा हात शिकलेला असावा लागतो. आपल्या देशात हा हात घडविण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, दात काढणे व बसविणे हा ज्याला जमेल त्याचा धंदा होता. कलकत्ता व मुंबई येथे चीनच्या हूपे प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी तो पिढ्यानपिढ्या केला. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणारेही होते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली. पदवीवाचून हा धंदा करीत आलेल्यांसाठी त्या नोंदवहीत निराळा भाग ठेवावा लागला. त्यावरून तोपर्यंतची स्थिती लक्षात येते.

१९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले होते. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशचे धुळे. ज्या काळी महाविद्यालये मुंबईसच होती त्या काळी सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला शिकलेल्या हाताची कवळी मिळणे किती दुरापास्त होते, हे सांगावयास नको. १९६८ साली नागपुरास शासकीय दंतमहाविद्यालय निघाले. मुंबई व नागपूर यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर जळगाव मधोमध येते. पण मधोमध असणे म्हणजे दोन्हीकडून दूर असणे, असाही त्याचा अर्थ होतो. कारण कवळी ही एका खेपेत होत नाही. पहिल्या खेपेस ठसा, दुसऱ्या खेपेस दोन्ही जबड्यांचे अंतर ठरविणे, तिसऱ्या खेपेस मेणात दात लावून पाहणे, चौथ्या खेपेस तयार कवळी घालणे, आणि मग हिरडीला जेथे ती टोचते तेथे घासून घेण्यासाठी आणखी एकदोन फेऱ्या. ज्याची कपाशी वेचणीला आली आहे त्याला परगावच्या इतक्या फेऱ्या परवडत नाहीत. यास्तव धुळे येथे जवाहर मेडिकल फाउंडेशनचे अण्णासाहेब चुडामण पाटील स्मारक दंतमहाविद्यालय निघाले, या घटनेचे महत्त्व तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांच्या संख्येने मोजून चालणार नाही. खानदेशच्या माणसाच्या वाचलेल्या फेऱ्यांनी ते मोजावयास हवे. जेथे अशी सोय जवळ नसते तेथे उरल्यासुरल्या दातांवर कच्चे अ‍ॅक्रिलिक थापून एका बैठकीत ‘पक्के दात’ बसवून देणारा भोंदू माणूस अजूनही गिऱ्हाईक मिळवितो. त्याच्या त्या थापटीखाली अन्न कुजते, आणि आधाराचे चांगले दातही काही काळाने हलू लागतात.

येथवर कवळी स्वस्त झाली, सुबक झाली. भाकरीच्या परीक्षेत मात्र ती अर्धवटच उतरली. हिरडीवर टेकलेल्या कवळीने माणसाला आपल्या मूळच्या दातांच्या सुमारे पाव ते पंचमांश एवढाच जोर करता येतो. त्यातही खालची कवळी फार छळते. तिला टाळूचा आधार नसतो आणि जीभ तिला सारखी ढकलत असते. याहून मोठी गोष्ट अशी की, दाताचे मूळ गेले म्हणजे त्याला धरून असलेले जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी ते झपाट्याने उतरते आणि पुढे आयुष्यभर हळूहळू उतरत राहते. आज चपखल बसलेली कवळी काही वर्षांनी खुळखुळू लागते, याचे कारण बहुधा कवळीत नसून तिच्याखालच्या हाडात असते. हाडाला दाताचे मूळ परत दिल्यावाचून ही झीज थोपविता येत नाही.

ते मूळ सापडले योगायोगाने. १९५२ साली स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टिटेनियम धातूची एक बारीक नळी बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळी काढू गेले तो ती निघेना. हाड तिला सर्व बाजूंनी चिकटून एकजीव झाले होते. परक्या धातूला शरीर बाहेर ढकलते हा तोपर्यंतचा समज होता. ब्रोनेमार्क यांनी मूळचा विषय बाजूस ठेवून या एकजीवतेचाच पाठपुरावा केला. १९६५ साली गोस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी टिटेनियमचे चार खुंट बसविले. लार्सन जन्मतः दुभंगलेल्या टाळूचे व सदोष जबड्याचे होते. त्यांना ते दात चाळीस वर्षांहून अधिक काळ, मृत्यूपर्यंत पुरले. तरीही वैद्यकविश्वाने या शोधाकडे पंधराएक वर्षे संशयानेच पाहिले. १९८२ सालच्या टोरंटो येथील परिषदेनंतर त्याला सर्वत्र मान्यता मिळाली.

या कामातील यश धातूइतकेच सावकाशीवर अवलंबून आहे. जबड्यात भोक पाडताना यंत्र हळू फिरवून त्यावर सतत गार पाणी सोडावे लागते. हाड सुमारे ४७ अंशांवर मिनिटभर तापले तरी त्यातील पेशी मरतात आणि मग ते धातूला धरीत नाही. खुंट बसविल्यावर बहुधा तीन ते सहा महिने त्यावर भार न टाकता वाट पाहावी लागते. तंबाखूचे व्यसन आणि ताब्यात नसलेला मधुमेह ही या कामातील मोठी विघ्ने होत. ज्या भागात मशेरी आणि तंबाखू यांचे प्रस्थ आहे तेथील दंतवैद्याला म्हणूनच खुंटाच्या आधी व्यसनाशी झुंजावे लागते.

टिटेनियमचे खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे. परंतु वाळूपासून शुद्ध धातू, धातूपासून घासून घडविलेला खुंट, आणि खुंटापासून जबड्यातील दात या प्रवासात त्याची किंमत अशी चढत जाते की अनेक घरांना तो पुन्हा सोन्यासारखाच भासतो. एट्रुस्कन सोनारापाशी उभा असलेला दुसरा प्रश्न येथे नव्याने समोर येतो. भाकरी चावता येईल. परंतु ती कोणाला?

या प्रश्नावर दंतशास्त्रज्ञांनी एक मध्यम मार्ग काढला आहे. प्रत्येक दाताला एक खुंट देण्याची आवश्यकता नाही. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोनच खुंट बसवून त्यांवर टिचबटणासारखी कवळी अडकविली तर ती हलत नाही, आणि खुंटांभोवतीचे हाडही टिकून राहते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असा निर्णय दिला की, ज्याचे खालचे सर्व दात गेले आहेत त्याला प्रथम हाच उपाय सुचवावा. यात टिटेनियम थोडे लागते आणि बाकीची कवळी त्याच स्वस्त अ‍ॅक्रिलिकची असते. श्रीमंतांचा धातू आणि गरिबांचे प्लॅस्टिक यांचा हा समेट आहे. हे काम जिल्ह्याच्या गावी, माणसाच्या ऐपतीत, शिकलेल्या हातून होणे एवढेच आता उरले आहे. जबड्याचे हाड कोणासाठी थांबत नाही. उशीर होईल तितकी खुंट रोवण्याची जागाच कमी होत जाते.

भोकाला वेळीच भरण मिळालेली दाढ या साऱ्या खटाटोपाहून स्वस्त पडते आणि भाकरीही तीच उत्तम चावते. सुश्रुताच्या बारा अंगुळांच्या काडीचा उपदेश हाच होता. परंतु ज्यांची दाढ गेलेलीच आहे त्यांना केवळ उपदेश करून भागत नाही. खानदेशातील एखाद्या घरी नातवंडे शेतातून ताज्या शेंगा आणतात, चुलीवर त्या भाजतात, आणि आजोबांच्या पुढ्यात मात्र सवयीने कुटाची वाटी सरकवितात. ती वाटी बाजूला ठेवून आजोबांनी चार दाणे उचलून तोंडात टाकावेत, एवढ्यासाठी सोनाराच्या पट्टीपासून सशाच्या हाडापर्यंतचा हा सारा उद्योग झाला आहे.